हवा बघितलीस का?

चि. विनू,

अनेक आशीर्वाद.

तू गेल्यावर फाटक लावायला गेले आणि तशीच उभी राहिले. ओल्या मातीत तुझ्या टायरांची खूण उमटली होती. दोन्ही कडा खोल रुतलेल्या आणि मधला पट्टा फिकट. बाबा असते तर वाकून बघितलं असतं आणि एकच शब्द बोलले असते, "कमी आहे."

सकाळच्या बोलण्यावर पडदा टाकायचा, पत्रात दुसरंच काहीतरी लिहायचं, असं ठरवून बसले होते. पण ती खूण काही डोळ्यांपुढून जात नाही.

आधी माझी चूक कबूल करते. तू झोपलेला असताना न विचारता तुझ्या गाडीला हात लावला, आणि नंतर रमासमोर तुला टायरमधल्या हवेचे आकडे ऐकवले. तसं करायला नको होतं. तुझ्या कमाईची गाडी, तू हौसेने निवडलेली चाकं. तू फाटकातून आत वळलास तेव्हा मला किती बरं वाटलं होतं, ते बोलायचं राहूनच गेलं. ब्रेक इतका हलका लावलास की मागे झोपलेलं तुझं पिल्लू हललंही नाही. गाडी चालवावी तर तुझ्यासारखी.

पण विनू, पुढे २८, २८, मागे उजवीकडे २७ आणि डावीकडे २६. गाडी रात्रभर उभी होती, टायर थंड होते, म्हणजे आकडे खरे. तू म्हणालास, "दारावर ३२ लिहिलंय, मी मऊ चालावी म्हणून चारच कमी ठेवली." तो ३२ कोणत्या टायरचा आहे, हे सांगायच्या आत आवाज चढले. तुझाही आणि माझाही.

तो आकडा जुन्या टायरचा आहे. तेव्हाचे २०५/५५ आर १६, आताचे २२५/४० आर १८. दारावरच्या चिठ्ठीवर मी चष्मा लावून बघितलं, १८ ची ओळच नाही. मधला आकडा टायरची उंची सांगतो, रुंदीच्या किती टक्के ते. जुन्या टायरची बाजू ११३ मिलिमीटर होती, नव्याची ९०. बोटभर रबर कमी झालं, आणि त्याबरोबर आतली हवाही कमी झाली. गाडीचं वजन मात्र तेच. ते वजन रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. जागा कमी, तर दाब जास्त लागतो.

तुझ्या टायरवर ९२ आणि पुढे एक्सएल, म्हणजे एक्स्ट्रा लोड, लिहिलंय. ९२ म्हणजे एका टायरवर ६३० किलो, जुना ९१ म्हणजे ६१५. वाचून वाटतं, नवा जास्त दणकट. पण एक्सएल ते ६३० किलो ४२ पीएसआय दाबाला उचलतो, आणि जुना आपले ६१५ उचलत होता ३६ ला. त्या हिशेबाने जुना ३२ वर जेवढं पेलायचा तेवढं पेलायला नव्याला साधारण ३६ लागतात. मी वहीत दोनदा मांडून बघितलं. तरी टायरवाल्याकडे लोडचा तक्ता असतो, त्याच्याकडून ताडून घे. म्हणजे तू चार कमी ठेवलेली नाहीस रे, आठ ठेवली आहेस. मागच्या डाव्या चाकात तर दहा.

बघ, शिकवणी सुरू झाली. तू इंजिनिअर आहेस आणि मी तुला भागाकार समजावते आहे. राग मानू नकोस.

बाबांच्या वेळच्या गाड्या वेगळ्या होत्या, असं तू म्हणालास. खरं आहे. ते जाडे टायर हवा उतरली की खाली बसायचे, पोट बाहेर यायचं, लांबूनही कळायचं. हे तुझे २६ वरही ताठच दिसतात. डोळ्यांना काही कळत नाही, म्हणून तर हवा मोजायचा गेज हातात घ्यावा लागतो.

ती रात्र तुला आठवत नसणार. तू पिल्लूएवढा होतास, मागच्या सीटवर माझ्या शालीत गुंडाळलेला. पंधरा दिवस आधी चाक खड्ड्यात दणकन आपटलं होतं. रिमची धार आणि खड्ड्याची कड यांच्यात टायर चिमटला की आतले धागे तुटतात. बाहेरून ओरखडाही दिसत नाही, मग हळूहळू फुगा धरतो. आपल्या टायरला फुगा आतल्या बाजूने होता. तो कुठे धरला होता ते आम्हाला कळलं ते टायर फुटल्यावर, टॉर्चच्या उजेडात. टायर फुटला तेव्हा गाडी एका बाजूला ओढली गेली, बाबांनी ब्रेकला पाय लावला नाही, दोन्ही हातांनी स्टीअरिंग सरळ धरून ठेवलं. थांबल्यावरही त्यांचे हात सुटेनात. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. त्या टायरमध्ये हवा कमी होती, हे त्यांना माहीत होतं. उद्या भरू, असं तीन दिवस चाललं होतं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी, गाडी हलायच्या आधी, ते गेज घेऊन बसायचे. व्हॉल्व्हची टोपी सांभाळायचं काम तुझं. चारी टोप्या मुठीत घट्ट धरून उभा राहायचास, आणि मूठ उघडलीस की तळहातावर चार गोल वळ. हे आठवतं का तुला? फुस्स आवाज झाला की हसायचास.

त्या टायरची बाजू तुझ्या टायरहून कितीतरी उंच होती. तरी चिमटली. तुझी नव्वदच मिलिमीटर आहे, त्यात हवा कमी, मागे पिल्लू, आणि तू रात्रीचा हायवेला लागणार. मला दुसरं काही सुचत नाही.

धोक्याचा दिवा लागला नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नकोस. बऱ्याच गाड्यांत साधारण पाव भाग हवा गेल्यावरच तो लागतो. आणि काही गाड्या प्रत्यक्ष दाब मोजत नाहीत, चाकाच्या फिरण्यावरून अंदाज बांधतात. चाकं बदलल्यावर २८ वर रीसेटचं बटण दाबलं असशील, तर गाडीने २८ च बरोबर म्हणून धरलेत. हवा भरल्यावर पुन्हा रीसेट कर.

आणि भरायची ती थंड टायरवर. गाडी निदान तीन तास उभी असावी किंवा जेमतेम दीड किलोमीटर चाललेली. लांब चालून आल्यावर मोजशील तर ३६ चे ४० दिसतील. ते बघून हवा सोडू नकोस, गार झाल्यावर कमी पडेल. थंडीत दहा अंश उतरले की दीड-दोन पीएसआय आपोआप जातात, आणि एरवीही महिन्याला एखादा झिरपतोच. म्हणून महिन्यातून एकदा तरी बघ. उलट टोकालाही जाऊ नकोस. टायरच्या बाजूवर लिहिलेला हवेच्या दाबाचा सगळ्यात मोठा आकडा म्हणजे त्याची मर्यादा. तेवढी भरलीस तर टायर मधोमध झिजेल आणि पकड कमी होईल.

३६ वर गाडी कडक चालेल, रमाच्या कमरेला हादरे बसतील, ते मला पटतं. पण तो कडकपणा त्या टायरचाच आहे. हवा सोडून तो फारसा जात नाही, नुसता धोका वाढतो. मऊच हवी असेल तर जुनी चारी चाकं मी कोठीत उभी करून ठेवली आहेत, पुसून, वर चादर टाकून. हौस मोडायची म्हणून नाही ठेवलेली. लागली तर असावीत.

बाबांचा गेज डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला आहे, रुमालात गुंडाळून. सकाळीच ठेवला, भांडणाच्या आधी.

पोचलास की चारी आकडे कळव. नुसतं "भरली" म्हणू नकोस.

तुझी,
आई

ता. क. टायरच्या आतल्या बाजूवरून एकदा हात फिरव, चारही. फुगा लागला तर गाडी हलवू नकोस, तो दुरुस्त होत नाही, टायरच बदलावा लागतो. आणि स्टेपनी विसरू नकोस. ती बारकी आहे, तिच्यावर हवा ६० लिहिलीय, आणि सकाळी मोजली तर तिच्यात ३१ च निघाली.