सिराच्या माहेराहून

ल्यों, ९ नोव्हेंबर

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार. तुझी फळांसाठीची गोडी छाटणी आटोपून द्राक्षबागेत फुटवे दिसू लागले असतील आणि तुझा जीव आता डाऊनी या बुरशीरोगाच्या भीतीने टांगणीला लागला असेल, याची मला कल्पना आहे. तरीही हे पत्र निवांतपणे वाच, कारण तू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत देण्यासारखे नाही. तुझ्याकडे बाग पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना 'शिराझ ही मूळची इराणातल्या शिराझ शहराची वेल' असे सांगितले जाते आणि ते खरे आहे का, असे तू विचारले होतेस. ते खरे नाही. फ्रान्समध्ये शिराझला सिरा म्हणतात, आणि ज्या टेकडीने या द्राक्षाला जगात नाव मिळवून दिले, ती एर्मिताजची टेकडी मी ऑक्टोबरअखेरीस पाहून आलो.

ल्योंहून रोन नदीच्या काठाकाठाने दक्षिणेकडे गेले की आगगाडीने सुमारे तासाभरात ताँ-लेर्मिताज हे लहानसे गाव येते. गावाच्या अगदी डोक्यावर ही टेकडी उभी आहे. नदी इथे वळण घेते, त्यामुळे टेकडीचे तोंड दक्षिणेकडे आणि पाठ उत्तरेकडे आहे. उत्तरेकडून येणाऱ्या मिस्त्राल या कोरड्या, बोचऱ्या वाऱ्याचा जोर ती पाठीवर झेलते, पण त्याच वाऱ्याने पानांवरचे दव लवकर सुकते आणि बुरशीला आळा बसतो. हे ऐकून तुला हेवा वाटेल. संपूर्ण एर्मिताजचे क्षेत्र सुमारे ३५० एकरांचे आहे. आपल्याकडच्या दोन-तीन मोठ्या शिवारांत मावेल एवढ्या जमिनीचे नाव दोन-तीन शतके युरोपभर घेतले जात होते, याचे मला तिथे उभे असताना फार नवल वाटले.

जमीन मात्र सगळीकडे सारखी नाही. पश्चिमेकडच्या बेसार या भागात ग्रॅनाइट आहे. नदीपलीकडच्या मासिफ सेंत्राल या जुन्या डोंगररांगेचाच तो तुकडा, रोनने मध्ये वाट काढल्यामुळे अलीकडे राहिलेला. पूर्वेकडे सरकावे तसे गोटे, चुनखडी आणि चिकणमाती लागते. बेसारची वाइन ताठ, कठीण कण्याची मानतात, तर शेजारच्या मेआलची अधिक भरदार आणि उबदार, म्हणून कित्येक उत्पादक निरनिराळ्या भागांतला माल मुद्दाम एकत्र करतात. चढ इतका आहे की बऱ्याच ठिकाणी ट्रॅक्टर चालत नाही. तुझ्या बागेसारख्या तारा न ओढता पुष्कळ ठिकाणी एकेक वेल स्वतंत्र खुंटीला बांधलेली दिसते, आणि पावसाने खाली वाहून आलेली माती पुन्हा वर नेऊन टाकण्याची रीत इथे पिढ्यानपिढ्या आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. माथ्यावर साँ क्रिस्तोफचे छोटे दगडी चॅपेल आहे. आख्यायिका अशी की गास्पार द स्तेरिंबेर हा सरदार धर्मयुद्धातून परतल्यावर १२२४ च्या सुमारास इथे संन्यस्त होऊन राहिला, म्हणून टेकडीला एर्मिताज, म्हणजे एकांतवासी साधूची कुटी, हे नाव पडले. त्यानेच पूर्वेकडून शिराझची काडी आणली, अशी पुस्ती पुढे कोणीतरी जोडली. परंतु तो ज्या मोहिमेवर गेला होता, ती दक्षिण फ्रान्समधल्याच आल्बिजवासीय या पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाविरुद्धची होती. इराणशी तिचा काय संबंध? या कथेवर कायमचा पडदा पाडला तो १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस आणि फ्रान्समधील माँपेलिए येथील संशोधकांनी. त्यांनी डीएनए तपासणीतून दाखवून दिले की सिरा हे द्युरेझा या काळ्या आणि माँदूझ ब्लांश या पांढऱ्या द्राक्षाचे अपत्य आहे. पहिले रोनच्या पश्चिमेकडील आर्देशचे, तर दुसरे पूर्वेकडील साव्हुआचे. दोन्ही जाती आज जवळजवळ विस्मृतीत गेल्या आहेत. अशा दोन अप्रसिद्ध वेलींचा संकर याच परिसरात कधीतरी आपोआप झाला असावा, ही गोष्ट मला कोणत्याही सरदाराच्या कथेपेक्षा अधिक मोलाची वाटते.

चवीविषयी तू विचारलेस. कोवळी एर्मिताज, म्हणजे या टेकडीची वाइन, गडद जांभळी असते, टॅनिन या सालीतल्या तुरट द्रव्यामुळे जीभ आवळून धरते आणि फारसे काही बोलत नाही. दहा-पंधरा वर्षांनी तिच्यातून धूर, चामडे, काळे ऑलिव्ह, व्हायोलेटची फुले असे गंध सावकाश उलगडत जातात. या सगळ्यांत मला सर्वांत आवडतो तो काळ्या मिरीचा वास. तो केवळ भास नाही, कारण मिरीत असणारे रोटंडोन हेच द्रव्य या द्राक्षाच्या सालीत असल्याचे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केले. थंड जागी पिकलेल्या मण्यांत ते अधिक टिकते, आणि म्हणूनच फेब्रुवारी-मार्चच्या वाढत्या उन्हात पिकणाऱ्या तुझ्या शिराझमध्ये मिरी कमी आणि पिकलेल्या फळाचा गोडवा जास्त जाणवतो. त्यात तुझ्या मशागतीचा दोष नाही. एर्मिताजच्या अंगच्या गडद रंगामुळे आणि बळामुळेच अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत बोर्दो या फ्रान्समधल्याच दुसऱ्या वाइन-प्रदेशाचे व्यापारी आपल्या फिक्या वाइनमध्ये एर्मिताज मिसळत, आणि तशी वाइन उलट चढ्या किमतीला विकली जाई. १९३७ मध्ये एर्मिताजला कायदेशीर नामसंरक्षण मिळाले. तांबड्या वाइनमध्ये मार्सान आणि रूसान ही पांढरी द्राक्षे १५ टक्क्यांपर्यंत घालण्याची मुभा त्या नियमांत आजही आहे, जरी फार थोडे जण ती वापरतात.

तुझ्या मनाला भिडेल अशी आणखी एक गोष्ट सांगतो. तिथल्या वेलीही कलमीच आहेत. एकोणिसाव्या शतकात फायलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने जुन्या बागा उद्ध्वस्त केल्यावर अमेरिकन खुंटावर कलमे बांधावी लागली. तू खारे पाणी आणि दुष्काळ यांना तोंड देण्यासाठी डॉगरिज हा खुंट वापरतोस, तोही अमेरिकेचाच.

एक बाटली तुझ्यासाठी घेतली आहे. ती अजून कोवळी आहे, म्हणून फेब्रुवारीत आणून दिली तरी लगेच उघडू नकोस. घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात आडवी ठेव. येईन तेव्हा तुझी तोडणी चालू असेल. शिराझच्या ओळीतले थोडे घड माझ्यासाठी वेलीवरच राखून ठेव, मला ते तिथेच उभ्याने चाखायचे आहेत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित,
अविनाश