पंचनाम्याआधी भिंत पुसू नका, असं शिकवणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

खडकवासला धरणातून विसर्ग वाढवल्याचा मेसेज फिरू लागतो, बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि नदीकाठच्या वस्त्यांत काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना तुमची आठवण होते. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही म्हणणार, "ते राहू द्या, यादीतले फोन नंबर लागतात का बघा." म्हणून हे उघड पत्र. नव्याने कामाला लागलेल्या समुपदेशकांनी, आशाताईंनी, अंगणवाडीसेविकांनीही वाचावं, यासाठी जरा सविस्तर लिहितोय.

पुण्याला पूर नवा नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्यानंतर जुन्या माणसांची कालगणनाच 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतनंतर' अशी झाली. ३० जुलै २०१४ ला जिल्ह्यातल्या माळीण गावावर कोसळलेली दरड, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचा पूर, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याची एकतानगरी. पोळीभाजीची पाकिटं या गावात कमी पडत नाहीत. पाकीट हातात देताना माणसाशी काय बोलावं आणि काय बोलू नये, तिथे आपण अडतो. ते तुम्ही शिकवलंत.

सगळ्यात मोठे उपकार एका नकाराचे. दुसऱ्याच दिवशी शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना गोल बसवायचं आणि एकेकाकडून 'काय काय झालं' ते वदवून घ्यायचं, याला तुम्ही ठाम नाही म्हणालात. मन मोकळं केलं की बरं वाटतं, हे आपल्याकडे आजीपासून सगळे सांगतात, त्यामुळे हा नकार गळी उतरायला वेळ लागला. तुम्ही फरक दाखवलात: माणूस आपणहून बोलला तर मोकळा होतो, त्याच्याकडून उकरून काढलं तर तो तो प्रसंग पुन्हा भोगतो. गोलात बसलेल्या बाकीच्यांवर दुसऱ्यांनी पाहिलेलं ओझंही चढतं, ते वेगळंच. घटनेनंतर लगेच घेतलेल्या अशा एकाच बैठकीने पुढचा मानसिक आजार टळत नाही, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनाही ती करू नका असं सांगते. त्याऐवजी त्यांच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार मार्गदर्शिकेतले तीन शब्द: पाहा, ऐका, जोडा.

'ऐका' मधलं पहिलं वाक्य तुम्ही घोटून घेतलंत. आपलं नाव, कुठून आलो, किती वेळ थांबणार. मग, "आत्ता सगळ्यात आधी कशाची सोय व्हायला हवी?" बसायचं समोरच्याच्याच पातळीवर, तो सतरंजीवर असेल तर आपणही सतरंजीवर, आणि अगदी समोरासमोर नाही, जरा तिरकं. 'निदान जीव तरी वाचला', 'देवाची मर्जी', 'रडू नका' ही तीन वाक्यं जिभेवर आली तर पाणी प्यायचं. तो गप्प बसला तर आपणही गप्प. आम्हाला सगळ्यात जड हेच जातं, अजूनही.

धडधड थांबत नसेल तर चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण नाकातोंडात पाणी गेलेल्या माणसाला श्वासाकडे लक्ष द्यायला लावलं, डोळे मिटायला सांगितलं, तर तो आणखी घाबरू शकतो, हे तुमच्यामुळे कळलं. त्याच्यासाठी डोळे उघडे, तळपाय जमिनीवर दाबायचे, हातात गार पाण्याची बाटली, खोलीतल्या दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं. आणि हे सगळं करण्याआधी छातीत दुखतंय का, हे विचारायचं. दुखत असेल तर व्यायाम बाजूला ठेवून १०८.

निवाऱ्यात पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न मात्र भावनांचा नाही, "रोजच्या गोळ्या कोणत्या?" हा. फिट, साखर, बीपी, टीबी, मानसिक आजार. पाकिटं वाहून गेलेली असतात आणि लाजेपायी माणूस बोलत नाही. फिटच्या गोळ्या एकदम बंद पडल्या तर झटका येऊ शकतो. रोज पिणाऱ्याची दारू तुटली तर हात थरथरतात, घाम फुटतो. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत झटका येऊ शकतो, पुढे भ्रमही होऊ शकतो. लोक म्हणतात धसका घेतलाय, अंगारा लावा. त्याला दवाखाना लागतो, तोही त्याच दिवशी. याच्या उलट, 'झोप लागत नाही' म्हणून शेजारणीची झोपेची गोळी अर्धी अर्धी वाटून घेण्याचा प्रकार. नुकत्याच बसलेल्या धक्क्यावर पहिल्या महिन्यात अशी औषधं देऊ नयेत, हा डॉक्टरांसाठीचा सल्ला आहे. मग आपण कोण वाटणारे?

आता शीर्षकातली भिंत. घरात गाळ बघवत नाही, बाई पदर खोचून धुवायला लागते, आणि पाणी कुठवर चढलं होतं ती खूण तलाठी येण्याआधीच पुसली जाते. आधी खुणेचा फोटो, शेजारी माणूस उभा करून, म्हणजे उंची कळते. खराब झालेल्या प्रत्येक वस्तूचा फोटो. मग खुशाल झाडू. भिजलेलं रेशनकार्ड इस्त्रीने वाळवायचं नाही, सावलीत सपाट ठेवायचं. घरात मृत्यू झाला असेल तर नोंद २१ दिवसांच्या आत. हे मानसिक आरोग्याचं काम कसं, असं नवीन मुलं विचारतात. रात्री झोप न येण्याचं कारण पूर जेवढा असतो, तेवढीच नुकसानभरपाईच्या यादीत नाव येईल का ही धाकधूक असते, असं तुम्ही सांगितलं होतंत.

'जोडा' म्हणजे कागदावर नंबर लिहून देणं नव्हे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ तिथेच, त्यांच्या फोनवरून लावायचा, पलीकडून आवाज येईपर्यंत शेजारी बसायचं, तिसऱ्या दिवशी विचारायचं. कुणी 'आता जगून काय' म्हणालं तर विषय बदलायचा नाही. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारायचं, विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जात नाही. उत्तर हो आलं तर एकटं सोडायचं नाही, औषधं, कीटकनाशक, दोर हाताशी ठेवायचे नाहीत. बाकी दचकणं, झोप उडणं, तेच तेच डोळ्यांसमोर येणं हे पहिले काही आठवडे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटूनही काम, जेवण, झोप रुळावर येत नसेल तर तज्ज्ञाकडे.

मुलांचं थोडक्यात: सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं तर रागवायचं नाही. आणि 'आजी झोपलीय' म्हणायचं नाही, मूल झोपायलाच घाबरतं. वारली, आता परत येणार नाही, एवढं साधं सांगायचं, आणि तो प्रश्न दहा वेळा आला तर दहा वेळा.

तुमच्या एका गोष्टीत आम्ही बदल केलाय, रागावू नका. एका कुटुंबाला पाच संस्थांनी तीच कहाणी विचारू नये म्हणून तुम्ही सामायिक वही सुचवली होती. वहीत सगळ्यांचं सगळं दिसतं. आता चिठ्ठी कुटुंबाकडेच असते: काय गरज, कुणाला सांगितलं, कुठवर आलंय, बस्स. आजार, छळ, दारू यातलं काही नाही. पुढचा कार्यकर्ता आला की चिठ्ठी पुढे करायची की नाही, ते घरचे ठरवतात.

जोडीने जायचं, निघताना दहा मिनिटं एकमेकींना सांगून मोकळं व्हायचं, पूर ज्या कार्यकर्तीच्याच घरात शिरलाय तिला त्या आठवड्यात कामाच्या यादीतून वगळायचं, हे तीन नियम मात्र जसेच्या तसे आहेत. तिसरा मोडायला सगळ्यात आधी तीच पुढे येते. तिला तुमचं नाव सांगून घरी पाठवतो.

मे महिन्यात फोनची यादी तपासली. दोन नंबर बदलले होते.

तुमचे,
मुठाकाठच्या वस्त्यांतले कार्यकर्ते
पुणे