नाव परत आले, आता सुटे भागही येऊ द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत ‘बीएसए गोल्ड स्टार’ या ब्रिटिश मोटारसायकलीच्या पुनरागमनाविषयीचा लेख वाचला. टाकीवरचे क्रोम, गोल दिवा, तारांची चाके आणि जुन्या घाटाची बैठक यांचे वर्णन लेखकाने मनापासून केले आहे आणि ते योग्यच आहे, कारण गाडी खरोखर देखणी आहे. मात्र याच नावाची एक गाडी जवळजवळ सत्तर वर्षे घरात सांभाळलेल्या माझ्यासारख्या माणसाला जो प्रश्न सर्वांत आधी सुचतो, तो त्या लेखात कोठेही आला नाही. या गाडीचा सुटा भाग नागपुरात कोणाला, कोठे आणि किती दिवसांत मिळणार?

माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये फिटर होते. कामठीच्या लष्करी डिस्पोजलमधून निघालेली एक बीएसए एम २० त्यांनी १९५६ साली सेकंडहँड विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात या जातीच्या सुमारे १ लाख २६ हजार गाड्या सैन्यासाठी तयार झाल्या होत्या. इंजिन ४९६ सीसीचे, सिलिंडर एकच, व्हॉल्व्ह माथ्यावर नसून बाजूला, आणि शक्ती अवघी १३ अश्वशक्ती. वेग बेताचाच होता, परंतु हलक्या प्रतीच्या पेट्रोलवरही ती चालत असे आणि बिघडली तर रस्त्याच्या कडेला खोलता येत असे. किक मारण्यापूर्वी हँडलवरच्या पट्टीने स्पार्क मागे घ्यावा, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असे करावे लागे. ते विसरले की किक उलटून पोटरीवर बसे आणि आठवडाभर पाय काळानिळा राही. मागच्या चाकाला स्प्रिंग नसल्याने रस्त्यातला प्रत्येक खड्डा पाठीच्या कण्याला कळत असे. उन्हाळ्यात तिचे बिडाचे सिलिंडर इतके तापे की, आम्हाला रामटेकला जायचे असले म्हणजे वडील पहाटेच नागपूरच्या महाल भागातून निघत आणि कन्हानच्या पुलावर उजाडत असे.

त्या गाडीला कंपनीकडून आलेला सुटा भाग मिळाल्याचे मला एकदाही आठवत नाही. गिरणीतल्या लेथवर गनमेटलचे बुश करून देणारे वडिलांचे सहकारी, दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा पिस्टन घासून-कातून आमच्या सिलिंडरला बसवणारे वर्कशॉपवाले, आणि सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरून मॅग्नेटोचे (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्राचे) टायमिंग लावणारे मोमिनपुऱ्यातले एक वयोवृद्ध उस्ताद, अशा माणसांनी ती गाडी चालू ठेवली. माझी स्वतःची सगळी नोकरी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्प निदेशक म्हणून झाली. मुलांना आटे पाडायला शिकवताना मी या उस्तादांकडे पाहिलेलेच पुष्कळसे शिकवत आलो, हे येथे कृतज्ञतेने नमूद करतो.

पुष्कळ नागपूरकरांना बीएसए म्हणजे सायकल एवढेच ठाऊक आहे, म्हणून थोडा इतिहास सांगणे आवश्यक वाटते. बर्मिंगहॅमच्या बंदूक बनवणाऱ्या कारागिरांनी १८६१ मध्ये एकत्र येऊन ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’ ही कंपनी काढली. तिच्या चिन्हातल्या एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका तेथूनच आल्या. पुढे सायकली आणि १९१० पासून मोटारसायकली आल्या. सायकलींचा व्यवसाय १९५७ मध्ये रॅले कंपनीकडे गेला. आपल्याकडे ती सायकल मद्रासच्या टीआय सायकल्सने घरोघरी पोचवली. ‘गोल्ड स्टार’ या नावाचा जन्म शर्यतीच्या मैदानावरचा आहे. ३० जून १९३७ रोजी शर्यतपटू वॉल हँडली यांनी इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर बीएसए एम्पायर स्टार ताशी १०० मैलांपेक्षा अधिक वेगाने पळवली, त्याबद्दल तेथील प्रथेप्रमाणे त्यांना सोन्याचा तारा मिळाला आणि पुढच्या वर्षी कंपनीने त्याच नावाची गाडी बाजारात आणली. युद्धानंतरच्या गोल्ड स्टारविषयी मला सर्वांत भावलेली गोष्ट अशी की, प्रत्येक गाडीचे इंजिन कारखान्यात चालवून त्याची शक्ती मोजली जात असे आणि त्या मोजणीचा कागद गाडीबरोबर ग्राहकाला दिला जात असे. आपण विकलेल्या वस्तूची लेखी हमी देणारा तो कारखाना होता. १९६३ मध्ये ती गाडी बंद झाली.

कंपनी बुडाली ती मात्र सुट्या भागांच्या अभावी नव्हे, आणि माझ्या मुद्द्याला सोयीचे नसले तरी ते मान्य केले पाहिजे. १९६९ मध्ये होंडाने चार सिलिंडरची ७५० सीसीची गाडी आणली, जिला बटनाने चालू होणारा स्टार्टर होता आणि पुढे डिस्क ब्रेक होता. त्याच वेळी बर्मिंगहॅमच्या गाड्या किकवर चालत होत्या आणि इंजिनाच्या जोडांतून तेल गाळत होत्या. बर्मिंगहॅममधील स्मॉल हीथच्या कारखान्यातील यंत्रे जुनी झाली होती, पैसा भलत्या मॉडेलांवर खर्च झाला आणि १९७३ मध्ये उरलेसुरले नॉर्टन व्हिलियर्स ट्रायम्फ या कंपनीत विलीन झाले. त्यानंतरची चाळीसहून अधिक वर्षे हे नाव जिवंत राहिले ते जुन्या बीएसए बाळगणाऱ्यांच्या ब्रिटनमधील मालकसंघांमुळे, जुन्या गाड्यांचे भाग घडवणाऱ्या तिथल्या लहान कारखान्यांमुळे आणि आपल्याकडच्या गल्लीबोळांतल्या मिस्त्र्यांमुळे. २०१६ मध्ये महिंद्र समूहाच्या क्लासिक लेजंड्स या कंपनीने हे नाव ३४ लाख पौंडांना, म्हणजे सुमारे २८ कोटी रुपयांना विकत घेतले, तेव्हा त्या नावाला जी किंमत आली ती या माणसांनी टिकवलेली होती.

नव्या गाडीविषयी माझी तक्रार नाही. २०२१ च्या डिसेंबरात ती ब्रिटनमध्ये आणि १५ ऑगस्ट २०२४ रोजी भारतात सादर झाली. मी ती पाहिली आहे, ओळखीच्या एका तरुणाच्या मेहेरबानीने वर्धा रोडवर थोडी चालवलीही आहे. ६५२ सीसीचे एकाच सिलिंडरचे इंजिन, चार व्हॉल्व्ह, दोन स्पार्क प्लग, सुमारे ४५ अश्वशक्ती, पाण्याने थंड होणारी रचना आणि दोन्ही चाकांना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा)! पाणी असताना सिलिंडरला पंखे (हवेने थंड होण्यासाठी बाहेर काढलेल्या धातूच्या पट्ट्या) कशाला, असे काही जाणकार विचारतात. मला त्यात वावगे वाटत नाही, कारण डोळ्यांना जी गोल्ड स्टार हवी आहे ती पंख्यांशिवाय दिसणार नाही आणि नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात पाणी हवेच आहे. हे रूप घडवणाऱ्यांनी जुन्या गाडीचा आदर राखला आहे.

पण हा आदर रूपापाशी थांबतो. माझ्या एम २० चे आटे इंची मापाचे, व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत. मिलिमीटरचा पाना तिच्या नटावर घसरतो आणि नटाचे कोपरे खातो. नव्या गाडीचा एकही भाग जुनीला लागणार नाही, हे उघडच आहे आणि तशी अपेक्षाही नाही. अपेक्षा इतकीच की, ज्याने नाव घेतले त्याने त्या नावाच्या जुन्या गाड्यांनाही आपले म्हणावे, आणि नव्या गाडीचे भाग तिच्या मॉडेलचे उत्पादन थांबल्यावरही वर्षानुवर्षे मिळत राहतील अशी व्यवस्था आजच जाहीर करावी. सुमारे ३ लाखांपासून पुढे किंमत असलेल्या, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरील म्हणून ४० टक्के जीएसटी पडणाऱ्या गाडीच्या ग्राहकाने एवढे मागणे अवाजवी नाही.

असे करता येते याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. रॉयल एन्फिल्डची बुलेट १९४९ पासून भारतात येऊ लागली, १९५५ मध्ये मद्रासला तिची कंपनी स्थापन झाली आणि ब्रिटनमधील मूळ कंपनी मिटली तरी तिरुवोत्तियूरचा कारखाना चालू राहिला. त्यामुळेच आज भंडाऱ्याला किंवा काटोलला बुलेट बंद पडली तर तिचा नेमका भाग आणि तो बसवणारा हात, दोन्ही तिथेच मिळतात. बुलेटचे पुनरुज्जीवन करावे लागले नाही, कारण तिचा मिस्त्री कधी सुटला नाही. नॉर्टन या ब्रिटिश मोटारसायकल कंपनीचे उदाहरण दुसऱ्या बाजूचे आहे. ती कंपनी टीव्हीएसने एप्रिल २०२० मध्ये १ कोटी ६० लाख पौंडांना घेतली आणि आधीच्या व्यवस्थापनाच्या काळात विकलेल्या व्ही४ (चार सिलिंडरच्या) गाड्यांमध्ये सुरक्षेशी संबंधित ३५ दोष असल्याचे पुढच्या वर्षी उघड केले. हे दोष आपल्या काळातले नाहीत असे म्हणून गप्प राहणे सोपे होते. नाव विकत घेणाऱ्यावर मागचे उत्तरदायित्वही येते, हे तेथे मान्य झाले.

शिवाय महिंद्र हे नाव नागपूरला परके नाही. हिंगणा एमआयडीसीतील त्यांच्या ट्रॅक्टर कारखान्यात आमच्या संस्थेतून शिकून गेलेल्या कितीतरी मुलांनी आयुष्य काढले. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर उभा राहिला तर शेतकऱ्याला आठ दिवस थांबता येत नाही, म्हणून तालुक्याच्या बाजारपेठेत भाग असलाच पाहिजे, हे या समूहाला कोणी शिकवण्याची गरज नाही. तीच शिस्त मोटारसायकलीला लावावी, एवढेच सांगणे आहे. गाडी तयार होते इंदूरजवळच्या पीथमपूरला. तेथून नागपूर एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

भाग न मिळाल्यास काय होते ते घरातच पाहिले आहे. माझ्या भाच्याची दुसऱ्याच एका कंपनीची, अशीच जुन्या वळणाची मोटारसायकल (कंपनीचे नाव येथे लिहीत नाही) क्लचच्या एका किरकोळ भागासाठी सव्वादोन महिने सर्व्हिस सेंटरच्या शेडमध्ये उभी होती. तो भाग आमच्या ओळखीच्या मिस्त्रीने अर्ध्या दिवसात बसवला असता. परंतु कंपनी तो बाहेर काउंटरवर विकत नव्हती आणि बाहेर गाडी उघडली तर वॉरंटी जाईल असे सांगण्यात आले. भाचा कर्जाचे हप्ते भरत होता आणि कामावर बसने जात होता.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्यासाठीचे पोर्टलही सुरू केले. ज्या चार क्षेत्रांचा त्यात विचार आहे त्यांत वाहने आहेत. तसेच, आपले खासदार नितीन गडकरी यांच्या खात्याने २०२१ मध्ये ५० वर्षांपेक्षा जुन्या वाहनांच्या ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे आणि वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे, त्याच्या सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. अट योग्य आहे. पण मूळ स्वरूप राखायचे तर मूळ मापाचे भाग कोठून तरी मिळाले पाहिजेत, आणि ते देण्याचा पहिला हक्क व पहिले कर्तव्य आज त्या नावाच्या धन्याचे आहे, असे मी मानतो.

म्हणून क्लासिक लेजंड्स कंपनीला आपल्या दैनिकाद्वारे विनंती आहे की, नव्या गोल्ड स्टारची सुट्या भागांची संपूर्ण यादी किमतींसह मराठी आणि हिंदीत छापावी व ते भाग मागेल त्या मिस्त्रीला काउंटरवर विकावेत. विदर्भातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना खोलण्या-जोडण्यासाठी एकेक इंजिन द्यावे. निवृत्त असलो तरी ते शिकवायला मी विनामोबदला येईन, आणि माझ्यासारखे आणखीही येतील. जुन्या गाड्यांसाठी ब्रिटनमधील मालकसंघांशी बोलून, निदान पिस्टन, रिंगा, बुश आणि क्लच प्लेटा एवढे झिजणारे भाग मूळ मापात भारतात करवून घ्यावेत. ते काम अवघड नाही, कारण त्यांतले बहुतेक भाग साध्या लेथवर होतात. अवघड असते ते खात्रीचे माप मिळणे.

त्या मापांची एक वही माझ्याजवळ आहे. वडिलांनी एम २० जितक्या वेळा खोलली तितक्या वेळा प्रत्येक भाग मायक्रोमीटरने मोजून, इंचाच्या हजाराव्या भागापर्यंतचे आकडे तारखेसह शाईने लिहून ठेवले. पहिली नोंद १९५६ ची आणि शेवटची १९८१ ची आहे. कंपनीच्या अभियंत्यांना ती उपयोगाची वाटल्यास त्यांनी आपल्या दैनिकामार्फत कळवावे. मी वहीची प्रत काढून देईन, आणि मूळ वही पाहायची असल्यास घरी यावे; गाडीही खोलून दाखवीन.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
महाल, नागपूर