आमची सभा कुठे गेली?

मा. संपादक,

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शिवणकाम करते. 2013 च्या दुष्काळात टँकर आला की गल्लीच्या तोंडावरची पाच-सहा घरं टाक्या भरून घ्यायची आणि आमच्या घागरी कोरड्याच राहायच्या. त्या वर्षी 1 मेच्या ग्रामसभेत, मारुतीच्या पारासमोर, मी पहिल्यांदा उभी राहून बोलले. पाय लटलटत होते. महिलांची सभा आधी झालेली, तिथं बोलून घेतलं होतं, तेवढाच धीर. टँकर एक दिवस वरच्या अंगानं, एक दिवस खालच्या अंगानं, असा ठराव झाला. ग्रामसेवकांनी तो प्रोसिडिंगला लिहिला, वाचून दाखवला, हात वर झाले. पुढे टँकरवाला कुरकुरला की बायका म्हणायच्या, "ठराव आहे!" आणि तो पाइप ओढायचा.

2015 मध्ये ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. पुढच्याच उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा, गल्लीत पुन्हा तोंडावरच्याच टाक्या भरू लागल्या. सभा कधी आहे म्हणून विचारायला गेले, तर "आता ग्रामसभा नसते, अर्ज द्या." अर्ज दिला. त्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर अजून नाही.

शेजारच्या खेड्यात कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात. 15 टक्के किंवा 100 मतदार, जी संख्या कमी असेल तेवढे जमले की गणपूर्ती. आम्ही मात्र घरपट्टी वाढवून भरतो आणि सभेत 17 नगरसेवक काय ठरवतात ते चहाच्या टपरीवर ऐकतो. मोठ्या गावात सगळ्यांची सभा जमत नाही, असं सांगतात. ते मला पटत नाही. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या कित्येक गावांत मार्चच्या पहिल्या मंगळवारी लोक जमतात आणि गावाचं अंदाजपत्रक हात वर करून मंजूर करतात. आपल्याकडेही 2009 साली कायद्यात दुरुस्ती होऊन शहरांसाठी क्षेत्रसभा, म्हणजे एकेका भागातल्या मतदारांची सभा, आली. अध्यक्ष त्या भागाचा नगरसेवकच. आमच्या प्रभागात ती एकदाही झालेली नाही.

उन्हाळ्याआधी प्रत्येक प्रभागात एक तरी क्षेत्रसभा घ्या, पाणी आणि नाल्यांचा खर्च तिथं वाचून दाखवा, आणि ठराव लिहून घ्या. पार तिथंच आहे. सतरंज्या आमच्या बचत गटाकडे आहेत, आम्ही अंथरून देऊ.

– एक शिवणकाम करणारी महिला, जि. लातूर