स्कूटर विकायच्या आधी

प्रिय अवि,

सप्रेम नमस्कार.

स्कूटर, फ्रिज, सागवानी कपाट आणि कॅमेऱ्याची लेन्स, सगळं महिनाअखेरपर्यंत विकून मोकळं व्हायचंय हे कळलं. ओळखीत कुणी घेणारं नाही म्हणून ओएलएक्स आणि फेसबुकवर टाकतोयस, त्यालाही माझी ना नाही. पण पैसे कसे घ्यायचे यावर तू एकच ओळ लिहिलीस, ‘ऑनलाइन घेईन, त्यात काय’. त्यात बरंच काही आहे, म्हणून लांबलचक लिहितोय.

जाहिरात पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात जो फोन येईल, तो बहुधा नको असलेलाच असेल. त्याची खूण म्हणजे तो भाव करणार नाही. सागवानी कपाट न बघता, घासाघीस न करता घेणारा माणूस नाशकात अजून जन्माला यायचाय. तो स्वतःला जवान म्हणवेल, देवळालीला बदली झालीय म्हणेल, ओळखपत्राचा आणि कॅन्टीन कार्डाचा फोटोही पाठवेल. ती कार्डं कधी बनावट असतात, तर कधी खऱ्याच माणसाची, ज्याने पूर्वी असंच काहीतरी विकताना भाबडेपणाने पाठवलेली. म्हणून तुझं आधार आणि आरसी बुकाचा फोटो कुणालाही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नकोस. पुढच्या माणसाला फसवायला तुझंच नाव वापरलं जाईल.

मग तो म्हणेल, ‘सर, आर्मी का पेमेंट प्रोसेस अलग होता है.’ तुला एक क्यूआर कोड पाठवेल आणि सांगेल, आधी दहा रुपये पाठवा, लगेच वीस परत येतील. आणि खरंच येतात! तो वीस रुपयांचा खर्च त्याने धरलेलाच असतो. पुढचा कोड पाच हजारांचा असतो, आणि ‘दुप्पट येणार’ म्हणून माणूस पिन टाकून मोकळा होतो. पैसे आले नाहीत की ‘सर्व्हर अटक गया, एक बार और कीजिए, दोनों साथ में आ जाएगा’. लोकांचं मोठं नुकसान पहिल्या वेळी होत नाही, गेलेले परत आणण्याच्या नादात दुसऱ्या-तिसऱ्या वेळी होतं.

यामागचं तंत्र एवढंच. यूपीआयवर पैसे यायला तुझ्याकडून काहीही लागत नाही. पिन नाही, ओटीपी नाही, स्कॅन नाही. क्यूआर कोड म्हणजे पैसे घेणाऱ्याचा पत्ता आणि फार तर त्यात भरून ठेवलेली रक्कम. स्कॅन करणारा तो देणारा, यात अपवाद नाही. पूर्वी समोरचा थेट पैशांची मागणी पाठवायचा आणि ‘मंजूर करा, पैसे येतील’ म्हणायचा. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवायची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, ते बरं झालं. पण व्यापारी म्हणून नोंदलेल्या खात्यांवर ती बंदी नाही, तेव्हा ‘आता मागणी येऊच शकत नाही’ असं समजून बेसावध राहू नकोस.

‘पिन टाकला नाही तर पैसे जात नाहीत’ हेही आता अर्धंच खरं आहे. यूपीआय लाइटमधून, म्हणजे अ‍ॅपमधल्या छोट्या रकमांच्या पाकिटातून, हजारापर्यंतची रक्कम पिनशिवाय जाते, आणि काही अ‍ॅपवर पिनऐवजी बोट किंवा चेहरा चालतो. बोट टेकवणं हीसुद्धा मंजुरीच. शिवाय पिन शिल्लक बघायलाही लागतो. त्यामुळे समोरचा फोनवर असताना ‘बघा बरं, आले का’ म्हणाला की यूपीआय अ‍ॅप उघडून घाईघाईत पिन दाबू नकोस. पडद्यावर आलेला चौकोन शिल्लक दाखवायचा आहे की पैसे द्यायचा, हे बोलण्याच्या नादात कुणी वाचत नाही. आधी फोन ठेव आणि बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये जाऊन खात्याचा उतारा बघ.

उताऱ्याशिवाय दुसरं काहीही पुरावा धरू नकोस. हिरवी बरोबरची खूण, टिंग असा आवाज, तुझं नाव, बारा आकडी संदर्भ क्रमांक, हे सगळं हुबेहूब दाखवणारी बनावट अ‍ॅप आहेत. फ्रिज टेम्पोत चढत असताना माणूस मोबाइल नाकासमोर धरतो आणि आपण मान डोलावतो. तो संदर्भ क्रमांक तुझ्या उताऱ्यात सापडला पाहिजे, नुसता त्याच्या मोबाइलवर असून उपयोग नाही. एसएमएसचंही तेच. बँकेचा संदेश दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. तो अक्षरी नावाने येतो आणि त्या नावाच्या शेवटी आता आडव्या रेघेनंतर टी किंवा एस असं अक्षर असतं. दहा आकडी नंबरवरून ‘तुमच्या खात्यात जमा’ असा मजकूर आला, तर तो समोरच्याने स्वतः टाइप केलेला आहे.

‘माझे कापले गेले, तुमच्याकडे दिसत नसतील तर नेटवर्कचा प्रश्न’ यावर भांडू नकोस, थांब. यूपीआयमध्ये पैसे खरोखर मध्ये अडकले, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप त्याच्याकडे परत जायला हवेत, आणि उशीर झाला तर त्याला दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. म्हणजे तो खरं बोलत असेल तर त्याचं काहीच बुडत नाही. वस्तू आजच न्यायची घाई त्याला का, एवढंच विचार.

स्कूटरसाठी कुणी एनईएफटी, म्हणजे एका बँक खात्यातून थेट दुसऱ्यात भरणा, करतो म्हणाला तर हरकत नाही. ती डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते. दर अर्ध्या तासाने व्यवहारांचा गठ्ठा सुटतो आणि तुझ्या बँकेने त्यानंतर दोन तासांत जमा करायला हवं. यातली मेख अशी की उद्याच्या तारखेला लावून ठेवलेल्या व्यवहाराची पावतीही छान दिसते, आणि चावी हातात आली की तो व्यवहार घरी जाऊन रद्द करता येतो. धनादेश तर घेऊच नकोस. तो तुझ्या खात्यात भरल्याची स्लिप म्हणजे पैसे नव्हेत. वटला नाही तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली तीस दिवसांत नोटीस, मग त्याला पंधरा दिवसांची मुदत, मग कोर्ट. फ्रिजसाठी कोण एवढं करतो?

आता दुसरा डाव. तू लेन्सचे ८,५०० सांगितलेस आणि संदेश आला ८५,००० जमा झाल्याचा. पाठोपाठ रडवेला फोन, ‘एक शून्य जास्त पडलं, हॉस्पिटलचे पैसे होते, जास्तीचे परत करा’. बहुतेक वेळा काहीच जमा झालेलं नसतं. पण उताऱ्यात खरंच जमा दिसले, तरी स्वतःच्या हाताने परत पाठवू नकोस. त्याला सांग, तुझ्या बँकेत तक्रार कर, माझ्या बँकेने विचारलं की मी संमती देतो. तुझ्या शाखेलाही ईमेल टाकून ठेव. खऱ्या चुकलेल्या माणसाला हा रस्ता चालतो. जो म्हणतो ‘त्या नंबरवर नको, या दुसऱ्या नंबरवर पाठवा’, त्याचा फोन तिथेच ठेवायचा.

आणि आता ज्याबद्दल मला खरं लिहायचंय ते. वरच्या सगळ्यात पैसे येत नाहीत. या प्रकारात येतात, पूर्ण येतात, उताऱ्यात दिसतात, आणि तरी माणूस अडकतो.

समज, तू स्कूटर ४८,००० ला लावलीस. भामटा तुझेच फोटो उचलून दुसऱ्या जाहिरातीत ३५,००० ला टाकतो. सोलापूरचा कुणी त्या किमतीला भुलतो. भामटा त्याला सांगतो, पैसे माझ्या भावाच्या खात्यावर टाका, आणि देतो तुझा यूपीआय आयडी. तुला सांगतो, माझा पार्टनर पैसे पाठवतोय, बाकीचे मी टाकतो, गाडी न्यायला मुलगा येईल. तुझ्याकडे पैसे येतात, गाडी जाते, आणि सोलापूरकराला काहीच मिळत नाही. तो १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन करतो आणि तक्रारीत ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचं, म्हणजे तुझं नाव येतं. बँक ती रक्कम गोठवते, काही वेळा अख्खं खातंच. चोर सोडून संन्याशाला फाशी. महिन्याचा पगार, घराचा हप्ता, सगळं त्याच खात्यात असेल तर बघ काय होईल.

याचंच दुसरं रूप समोरासमोरच्या भेटीत घडतं. भामटा तुला म्हणतो, माझा मेहुणा गाडी बघायला येतोय, त्याच्याशी किमतीचं बोलू नका, त्याचे माझ्याकडे काही येणं आहे. मेहुण्याला, म्हणजे खऱ्या गिऱ्हाइकाला, सांगतो की गाडी भावाकडे आहे, भावापुढे किंमत काढू नका. दोघं तासभर गप्पा मारता, गाडी पसंत पडते आणि तो पैसे भामट्याला पाठवतो. मग दोघंही एकमेकांची कॉलर धरता. ‘किमतीचं बोलू नका’ हे शब्द कानावर आले की समोरच्याला तिथेच विचार, तुला किती सांगितलेत आणि कुणी?

यावर उपाय म्हटलं तर कंटाळवाणे आहेत, पण चालतात. जो माणूस वस्तू न्यायला आलाय, त्याच्याच नावाच्या खात्यातून पैसे आले पाहिजेत. उताऱ्यातलं पाठवणाऱ्याचं नाव आणि त्याच्या हातातलं ओळखपत्र जुळवून बघ. जुळत नसेल तर व्यवहार नाही, मग तो काकांचं खातं म्हणो की कंपनीचं. त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सही घेऊन कागदावर चार ओळी लिही: वस्तू, सिरियल किंवा चासी नंबर, रक्कम, संदर्भ क्रमांक, तारीख आणि वेळ. जाहिरातीचा आणि सगळ्या चॅटचा स्क्रीनशॉट ठेव. खातं गोठलंच तर हेच कागद कामाला येतात. मग बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी मागायचं, तपास अधिकाऱ्याला कागद ईमेलने आणि पोस्टानेही पाठवायचे, आणि तिथे काही हललं नाही तर वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा.

आणि विक्रीचे पैसे पगाराच्या खात्यात घेऊच नकोस. तुझं ते जुनं, जवळजवळ रिकामं बचत खातं आहे ना, त्याला यूपीआय जोड आणि जाहिरातीतल्या गिऱ्हाइकांना तोच आयडी दे. मोबाइल नंबर हाच आयडी ठेवू नकोस, वेगळं नाव घे. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम आहे.

फ्रिज आणि कपाटासाठी रोखीला मी अजूनही नाक मुरडत नाही. पण नोटा शाखेत किंवा पैसे भरायच्या मशीनवर तिथल्या तिथे भरून मग वस्तू हलू दे. लेन्स कुरिअरने पाठवायची असेल तर पैसे आधी, आणि कुरिअर तू ठरवलेलं. गिऱ्हाइकाने धाडलेल्या पोऱ्याच्या हाती पैशांआधी काही द्यायचं नाही. त्याला बिचाऱ्याला बरेचदा काहीच माहीत नसतं.

स्कूटरची मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० कोरे सही करून देऊ नकोस. घेणाऱ्याचं नाव आणि तारीख भरून मग सही, आणि चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवल्याची पोच स्वतःकडे. नाहीतर गाडी त्याची आणि चलनं तुझी.

कुणी एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकायची फाइल, पाठवली, ‘हे अ‍ॅप टाका, पेमेंटची पावती दिसेल’ म्हणाला किंवा स्क्रीन शेअर करायला लावली, तर उत्तरही देऊ नकोस, ब्लॉक कर.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर पहिला फोन १९३० ला. बँकेला नंतर, आणि गूगलवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ला तर नाहीच, ते नंबरही बरेचदा याच मंडळींचे असतात. फोन करताना रक्कम, वेळ, बारा आकडी संदर्भ क्रमांक आणि ज्या आयडीवर गेले तो हाताशी ठेव. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून एटीएममधून बाहेर जायला फार वेळ लागत नाही, म्हणून पहिल्या तासातल्या फोनला किंमत. पोच क्रमांक लिहून घे, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार पूर्ण कर, बँकेला लेखी दे आणि ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार नोंदव. चॅट पुसू नकोस, फोन फॉरमॅट करू नकोस.

बँक भरपाई देईल का, तर स्पष्ट सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही असं आहे, पण ते त्याची चूक नसताना पैसे गेले तर. पिन तू स्वतः टाकलेला असला की बँक ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा’ म्हणून हात वर करते. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तरी त्या भरवशावर स्कूटर विकू नकोस.

फ्रिजच्या जाहिरातीत वहिनींचा नंबर टाकणार असशील तर हे पत्र आधी त्यांना वाचायला दे. फोन त्यांनाच येणार आहेत.

तुझा,
मिलिंद