जस्टिन ब्रॉडरिक यांना, भोसरीहून

प्रिय जस्टिन ब्रॉडरिक,
स. न. वि. वि.

तुमची-माझी ओळख नाही. तरी हे आभार मनातच राहिले तर मला चैन पडणार नाही.

माझे बाबा भोसरीतल्या कारखान्यात पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या मशीनवर, होते. लहानपणी डबा द्यायला जायचो, तेव्हा शेडच्या बाहेरच पायाखालची जमीन हादरायची. तुमच्या ‘गॉडफ्लेश’ या बँडचा १९८९चा ‘स्ट्रीटक्लीनर’ हा अल्बम पहिल्यांदा लावला आणि तीच धाड-धाड ओळखीची वाटली. तुमचं बर्मिंगहॅमही कारखान्यांचंच. ‘नेपाम डेथ’ या बँडच्या पहिल्या अल्बमच्या पहिल्या बाजूवर गिटार वाजवलीत तेव्हा तुम्ही जेमतेम सोळा-सतरा वर्षांचे होतात. पुढे ‘हेड ऑफ डेव्हिड’ या बँडमध्ये तर ड्रम्स वाजवलेत. अशा माणसाने १९८८मध्ये बेस वाजवणाऱ्या बेन ग्रीन यांच्यासोबत ‘गॉडफ्लेश’ काढला आणि ड्रमरच्या जागी मशीन बसवलं! ते माणसासारखं वाजावं म्हणून लपवाछपवीही केली नाही. ठोका न थकता पडत राहतो, बेस खरवडत जातो आणि मधे तुमचा आवाज. प्रेससमोर उभा असलेला माणूस मला त्यात ऐकू येतो. बाबांच्या कामाबद्दल आमच्या घरात इतकं खरं कुणी बोललं नव्हतं.

पण पत्र लिहायला बसलो ते २००२मुळे. ग्रीन बँड सोडून गेले होते, अमेरिकेचा दौरा तोंडावर होता आणि तुम्ही मनाने पार कोसळलात. दौरा रद्द केलात, बँडही थांबवलात. मागच्या वर्षी आमच्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री माझे हात थरथरायला लागले, श्वास पुरेना. हॉलचे पैसे भरलेले, मित्र गावाहून आलेले. त्या रात्री तुमची आठवण आली, म्हणून मी ‘नाही जमणार’ म्हणू शकलो. आठ महिने गिटारला हात लावला नाही. तुम्ही थांबलात, मग ‘गॉडफ्लेश’च्या तेव्हाच्या शेवटच्या अल्बममधल्या शेवटच्या गाण्याचं नाव घेऊन ‘जेसू’ हा नवा बँड सुरू केलात आणि २०१०मध्ये ग्रीन यांच्यासह ‘गॉडफ्लेश’मध्ये परतलात. २०२३च्या ‘पर्ज’ या अल्बमच्या वेळी ऑटिझम आणि पीटीएसडीच्या (मोठ्या आघातानंतर राहणाऱ्या मानसिक त्रासाच्या) निदानाबद्दल उघड बोललात. डॉक्टरांकडे जायचं धैर्य मला तिथून मिळालं.

परवा ड्रम मशीन पुन्हा जोडलं. बाबांना आता फार कमी ऐकू येतं. ते आले, स्पीकरवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

मनापासून आभार.

आपला,
भोसरीचा एक गिटारवाला