तुझ्या रिपोर्टमधला तो ९

प्रिय मनू,

काल फोनवर म्हणालीस आई सगळं नॉर्मल आहे, हिमोग्लोबिन १२.१ आलंय, मी पण बरं म्हणून फोन ठेवला. पण रात्री चष्मा लावून ती पीडीएफ नीट बघितली तर खाली फेरिटिन ९ लिहिलंय ना गं, बरोबर तेवढंच सोडून तू बाकी सगळं वाचून दाखवलंस.

आजीकडची धान्याची कणगी आठवते का? स्वयंपाकघरातला डबा भरलेला दिसायचा म्हणून कणगीत किती उरलंय ते कुणी बघायचंच नाही. हिमोग्लोबिन म्हणजे तो डबा आणि फेरिटिन म्हणजे कणगी, अंगातला लोहाचा साठा. शरीर कणगी खरवडून खरवडून डबा भरत राहतं, त्यामुळे हिमोग्लोबिन घसरतं ते सगळ्यात शेवटी. मोठ्या माणसात फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे लोहाचा साठा संपला असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, बरेच डॉक्टर तर ३० च्या खालीच लक्ष घालतात. ताप किंवा सूज असली तर फेरिटिन उगाच वर दिसतं, पण कमी आलं तर ते खरंच कमी असतं. म्हणजे जिना चढताना धाप, दुपारी पेंग, कंगव्यात केसांचा पुंजका, हा काही आळशीपणा नव्हता. मी त्यावरून किती बोललेय तुला, सॉरी.

आणि टीएसएच, म्हणजे थायरॉईड मंदावला की वाढतो तो आकडा, ५.६ असा जरा जास्त आलाय ते पण यातलंच असू शकतं. थायरॉईडचं हार्मोन बनवायला टीपीओ नावाचं एन्झाइम लागतं आणि त्याला लोहाशिवाय काम जमत नाही. उलट थायरॉईड मंदावला की पाळीत अंगावरून जास्त जातं, मग लोह अजून कमी. नुसत्या लोहाने थायरॉईड सुधारेलच असं नाही, थायरॉईडच्या अँटीबॉडीची टेस्ट करायची का ते डॉक्टरना विचार.

आता माझा गाढवपणा ऐक. दादा झाल्यावर मला थायरॉईड निघाला तेव्हा मी पहाटे थायरॉईडची गोळी आणि लोहाची गोळी एकदमच घ्यायचे, कटकट एकदाच संपवायची म्हणून, आणि वर लगेच चहा! सहा महिने थायरॉईडच्या गोळीचा डोस ५० चा ७५, ७५ चा १०० होत गेला तरी टीएसएच हलेना, कुणी विचारलंही नाही कशी घेता. शेवटी मेडिकलवाला म्हणाला, काकू दोन्ही एकत्र घेता की काय? लोह पोटात थायरॉईडच्या औषधाला चिकटतं आणि ते अंगी लागतच नाही, मध्ये चार तास तरी पाहिजेत.

तुला लोहाची गोळी दिली तर लिंबूपाण्याबरोबर घे, पुढे मागे तासभर चहा कॉफी नको. एका डोसनंतर दुसऱ्या दिवशी लोह कमी शोषलं जातं, म्हणून काही डॉक्टर एक दिवसाआड देतात, ते विचारून घे, मनाने नको कारण जास्त लोहही वाईटच. शी काळी झाली तर घाबरू नकोस. बरं वाटलं की सोडून देशील, तुला ओळखते मी, पण कणगी भरायला महिनोन्महिने लागतात. आणि पाळीत किती पॅड लागतात ते डॉक्टरना न लाजता सांग, लोह जातंय कुठे ते कळायला नको?

अळिवाचे लाडू पाठवतेय, पण नुसत्या लाडवांवर ९ चे ३० होणार नाहीत. स्टीलचा डबा परत आण, मागचे दोन अजून तुझ्याकडेच आहेत.

आई